टारबिनचं न नासणारं दूध

उत्तरेकडून भट्टीसारखा वारा सुटला होता, तरी टारबिनच्या मैदानावरच्या तंबूत मुंगीला शिरायला जागा नव्हती. संध्याकाळच्या धारा अजून व्हायच्या होत्या. कुंपणापाशी गाई हंबरत उभ्या होत्या आणि त्यांचे मालक डोळे फाडून एका काचेच्या बरणीकडे बघत बसले होते. बरणीत दूध होतं. पाच दिवसांचं दूध, तेही दक्षिण गोलार्धातल्या ऐन जानेवारीच्या उन्हाळ्यात, ना बर्फात ठेवलेलं, ना विहिरीत सोडलेलं.

“वास घ्या!” फिरता प्रवचनकार ब्रदर अँब्रोज गरजला. “लाजू नका, नाक खुपसा!”

पहिल्या रांगेतल्या म्हाताऱ्या पॅस्कोनं नाक खुपसलं. सगळा तंबू त्याच्या नाकाकडे बघत राहिला.

“आयला,” पॅस्को म्हणाला, “अगदी गोड आहे की!”

“गोडच असणार! सूर्य तोच, वारा तोच, गाय तीच. मग एकाचं दूध दुपारपर्यंत नासतं आणि दुसऱ्याचं पाच दिवस टिकतं, असं का? गाईत खोट नाही, बंधूंनो. खोट मनात आहे! मन नासलं की दूध नासतं!”

“मग आमच्या सासूबाईंच्या घरात ताकसुद्धा टिकायचं नाही,” मागून कुणीतरी म्हणालं आणि हशा पिकला. ब्रदरही हसला. हसणाऱ्या गिऱ्हाइकाचा खिसा सैल होतो, हे त्याला ठाऊक होतं.

त्याच्या टेबलावर निळ्या बाटल्यांची रांग लावली होती. आत जॉर्डन नदीचं पवित्र पाणी. कॅनमध्ये थेंब टाकायचे, प्रार्थना म्हणायची, बस्स. जॉर्डन नदी कुठे, टारबिन कुठे, इतक्या पेट्या भरूनही ती नदी आटली कशी नाही, असं विचारणारं तिथं कुणी नव्हतं. गावाच्या डोक्यात दुसरंच गणित चाललं होतं. टारबिनमध्ये सगळ्यांचं पोट लोण्यावर आणि चीजवर. रस्त्याकडेच्या फळीवर सायीचे कॅन ठेवायचे, गाडी ते बटर फॅक्टरीत नेणार, आणि साय आंबूस निघाली की कॅन परत येणार तो गळ्यात ‘दुय्यम’ अशी पत्र्याची चकती अडकवून. ती चकती दिवसभर फळीवर लटकायची. येणारा-जाणारा वाचायचा. माणसं त्या चकतीला तुरुंगापेक्षा जास्त भ्यायची.

“आणि आता,” ब्रदरनं हात पसरले, “आपली भगिनी एफी!”

एफी मॅकक्रिमन उठली. तिच्या हातचं चीज अख्ख्या खोऱ्यात नावाजलेलं होतं, पण या उन्हाळ्यात तिच्याही कॅनला दोनदा चकती लागली होती. दुसऱ्यांदा तर तिनं ती अंधार पडेपर्यंत काढायलासुद्धा बाहेर पाऊल टाकलं नव्हतं. मग ब्रदर आला, निळी बाटली आली, आणि चकती गेली ती गेलीच. तेव्हापासून दर सभेला ती उभी राहून आपली साक्ष सांगायची. लोक टाळ्या वाजवायचे. खोटं कशाला बोला, तिला ते फार आवडायचं.

“माझं दूध चार दिवस टिकलं,” ती म्हणाली. “थेंब मी दुप्पट टाकते. श्रद्धा दुप्पट, तर थेंबही दुप्पट!”

टाळ्या पडल्या. त्या टाळ्यांतच कुणीतरी विचारलं, “आणि ब्रायडीचं का नासलं गं मग?”

ब्रायडी हॅनरहान एफीची शेजारीण. तिचा नवरा डोंगरात लाकूडतोडीला गेलेला, तीन महिन्यांची पोर पदरात, आणि बाळंतपणानंतरच्या तापानं अंगावरचं दूध आटलेलं. पोर बाटलीच्या दुधावर. ब्रायडीसुद्धा आदल्या आठवड्यात तापातच उठून तंबूत आली होती. तिनं निळ्या बाटलीचं बूच काढून वास घेतला होता आणि भर सभेत विचारलं होतं, “अहो ब्रदर, नदीच्या पाण्याला औषधासारखा वास कसा?” ब्रदरनं गोड हसून तिच्या हातातली बाटली काढून घेतली, टेबलाखालून दुसरी दिली आणि म्हणाला, “शंकेखोराला खुद्द जॉर्डनमध्ये बुडवला तरी तो कोरडाच.” त्या दुसऱ्या बाटलीतले थेंब घालूनही ब्रायडीचं दूध दुपारी नासलं. ते गावभर झालं.

एफीनं क्षणभर विचार केला. सगळे तिच्याकडे बघत होते. बघणाऱ्यांना काहीतरी द्यावं लागतं.

“तिनं आधी मन स्वच्छ करावं,” ती म्हणाली. “दूध आपोआप टिकेल.”

दुसऱ्या दिवसापासून ब्रायडीच्या फाटकाकडे कुणी फिरकेना. एफी मात्र जायची. मनानं ती वाईट नव्हती. रोज सकाळी आपल्या घरची किटली घेऊन जायची आणि सांगायची, “तुझ्या गाईचं दूध ओतून दे डुकरांना. पोरीला हे पाज.” पोरीसाठी म्हणून त्या किटलीत ती आणखी चार थेंब जास्त टाकायची. वर डोळे मिटून प्रार्थना करायची.

नोरा, म्हणजे ती पोर, वाळू लागली. दूध प्यायची, लगेच टाकायची. जे पोटात राहायचं ते तसंच्या तसं बाहेर पडायचं. गालांची कातडी म्हातारीसारखी लोंबायला लागली. रडणंसुद्धा मांजराच्या पिल्लासारखं बारीक झालं. ब्रायडीनं डॉक्टर प्रिंगलना बोलावणं धाडलं.

प्रिंगल म्हातारे, तिरसट, आणि खोऱ्यातली निम्मी पोरं त्यांच्या हातावर जन्मलेली. त्यांनी नोराचं पोट चाचपलं, लंगोट बघितले, बाटली नाकाशी धरली. आंबूस वास नव्हता.

“दूध कुणाकडचं?”

“माझ्याकडचं, डॉक्टर,” एफी म्हणाली.

“ताजं असतं ना? त्यात काही घालत तर नाहीस?”

एफीच्या तोंडाशी शब्द आला होता. पण प्रिंगल ब्रदरला ‘तंबूतला विदूषक’ म्हणायचे, ते तिला ठाऊक होतं. शिवाय पवित्र पाणी म्हणजे काही ‘घालणं’ आहे का? ते तर आशीर्वाद झालं.

“काही नाही,” ती म्हणाली.

डॉक्टर बुचकळ्यात पडले. त्यांनी बार्लीचं पाणी सांगितलं, दूध पातळ करायला सांगितलं आणि जाता जाता एफीला म्हणाले, “आणि या आईकडेही बघ जरा. पोटात काही टिकत नाहीये तिच्या. जंकेट करून दे, ते पचेल.”

जंकेट करणं म्हणजे एफीच्या डाव्या हातचा मळ. कोमट दुधात साखर घालायची, वासराच्या पोटातल्या अस्तरापासून काढलेलं रेनेट चमचाभर टाकायचं आणि भांडं हलवायचं नाही. पाव तासात खरवसासारखं थरथरतं दूध तयार. तेच रेनेट जास्त दुधात घातलं, दही कापलं, निवळी गाळली, मीठ लावून दाबलं की चीज. बाजारासाठीचं चीज ती गरम धारेच्या दुधाचं लगोलग लावायची; फॅक्टरीच्या सायीत आणि घरी ठेवायच्या दुधातच तेवढं जॉर्डनचं पाणी घालायची. कामाच्या रगाड्यात जंकेट लांबत गेलं; चौथ्या दिवशी तिनं त्यासाठी घरचा कॅन उघडला.

पाव तासानं तिनं झाकण काढलं. दूध पाण्यासारखं पातळ.

रेनेट जुनं झालं असेल, असं म्हणून तिनं नवी बाटली फोडली. तरी दूध तसंच. तिनं भांडं गरम पाण्यात ठेवलं, वर गोणपाट पांघरलं, स्वतःशी बडबड केली. दूध ढिम्म. मग ती तशीच उठली, गोठ्यात गेली, गाईखाली बसून भांडंभर धार काढली आणि त्याच रेनेटचा चमचा त्यात टाकला. तिचे हात धुऊन होईपर्यंत ते दूध थिजलं होतं. बोटानं दाबलं तर भांड्याच्या कडेनं स्वच्छ सुटत होतं.

एफी दोन भांड्यांपुढे बसून राहिली.

वासराच्या पोटात दूध थिजतं, म्हणून वासरू जगतं. हे तिला तिच्या आईनं सांगितलं होतं, तिनं कितीतरी नव्या सुनांना सांगितलं होतं. पोटात गेलं की दूध आधी थिजायचं, मग पचायचं. जे दूध खुद्द वासराच्या पोटाचा अर्क घालूनही जागचं हलत नाही, ते नोराच्या एवढ्याशा पोटात काय होत असेल? आणि तिच्या किटलीत तर चार थेंब जास्त. ‘काही नाही’ हे आपलेच शब्द तिला ऐकू येत होते.

तिनं घरचा सगळा कॅन मोरीत ओतला. ताजी धार काढून, उकळून, ब्रायडीकडे नेली.

“आज लवकर आलीस गं,” ब्रायडी खाटेवरूनच म्हणाली. “देव तुझं भलं करो. तू नसतीस तर माझ्या पोरीचं काय झालं असतं?”

एफीला तिथंच सांगायचं होतं. पण ती किटली ठेवून निघून आली आणि वाटेत कुंपणाला धरून रडली. मग तडक डॉक्टरांचं घर गाठलं.

प्रिंगलनी सगळं ऐकून घेतलं. ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं, असं तिला वाटलं.

“मी तुला विचारलं होतं, एफी.”

“हो.”

“त्या दिवशी सांगितलं असतंस तर पोरीचे चार दिवस वाचले असते.”

“हो, डॉक्टर.”

त्यांनी निळी बाटली हुंगली, बोटावर थेंब घेतला, आणि एकदम कपाळावर हात मारला. “गाढव आहे मी! फॅक्टरीतला तपासनीस केव्हापासून माझ्यामागे लागलाय, की साय तपासायचं आम्ल खराब आलंय, हल्ली सायीत टाकलं की जांभळं होतं म्हणून. मी त्याला म्हटलं, आम्लाचा व्यापारी बदल! ब्रायडीकडची बाटली मिळेल?”

“मिळवते.”

“आणि शनिवारी तंबूत तुझी साक्ष आहे ना? होऊ दे तर मग.”

शनिवारी दुपारी एफी दोन पांढरी भांडी घेऊन मंचावर चढली. एकात तिच्या घरचं दूध, चार दिवसांचं, सभेपुरतं मुद्दाम बाटलीतले थेंब टाकून ठेवलेलं. दुसऱ्यात ब्रायडीच्या गाईची सकाळची धार.

“ब्रदर, आज जंकेट लावते सगळ्यांसमोर. तुमचं प्रवचन होईपर्यंत थिजेल.”

“वा! आशीर्वादाचं जंकेट!” ब्रदर खूश झाला. एफीनं दोन्ही भांड्यांत रेनेट टाकलं आणि फडकी झाकली. ब्रदरनं सूर लावला. पाप कसं सायीसारखं वर तरंगतं, सैतान कसा कॅनच्या झाकणावर टपून बसतो, श्रद्धेचा थेंब कसा सागर नासू देत नाही, असं सगळं तो बोलत गेला. बायका पंख्यानं वारा घेत होत्या. एफी त्या फडक्यांकडे बघत होती.

“आता साक्ष!” ब्रदर म्हणाला.

एफीनं पहिलं फडकं काढलं. “हे ब्रायडी हॅनरहानच्या गाईचं दूध. तुम्ही जिचं मन नासलंय म्हणता, तिच्या गाईचं.” तिनं भांडं तिरकं केलं. दूध थिजून घट्ट बसलं होतं, नुसतं थरथरलं. मग तिनं दुसरं फडकं काढलं. “आणि हे माझं. पवित्र.” भांडं तिरकं होताच दूध भळकन मंचावर सांडलं आणि ब्रदरच्या बुटांवरून वाहत गेलं.

पुरुषांना काही कळलं नाही. बायका मात्र उभ्या राहिल्या. रेनेटनं न थिजणारं दूध त्यांच्यातल्या एकीनंही जन्मात बघितलं नव्हतं.

“हे दूध नाहीच!” मागून एक आजी ओरडली.

“तोही चमत्कारच, मातांनो!” ब्रदरनं झटकन सूर बदलला. “शुद्ध दुधाला वासराच्या आतड्याचा विटाळ सोसत नाही!”

“मग वासरं आजवर काय गवत पीत होती का रे?” पॅस्को म्हणाला. लोक फिस्कन हसले.

तेवढ्यात डॉक्टर प्रिंगल मंचावर चढले. त्यांच्या हातात फॅक्टरीतली आम्लाची बाटली आणि काचेच्या नळ्या होत्या. त्यांनी ब्रदरच्या टेबलावरची एक निळी बाटली उचलली आणि ब्रायडीकडून आणलेली दुसरी तिच्याशेजारी ठेवली. दोन नळ्यांत ताजं दूध घेतलं. एकीत टेबलावरच्या बाटलीतला थेंब, दुसरीत ब्रायडीच्या बाटलीतला. मग नळ्या तिरक्या धरून कडेकडेनं आम्ल सोडलं. ते दुधाखाली जाऊन बसलं. ब्रायडीच्या नळीत मळकट तपकिरी झालं, बाकी काही नाही. टेबलावरच्या बाटलीच्या नळीत दूध आणि आम्ल जिथं भेटत होतं तिथं हळूहळू एक जांभळं कडं उमटलं. एखाद्या बाईच्या हातातल्या बांगडीसारखं ठसठशीत.

“पुढे या, बघा,” प्रिंगल म्हणाले. “हे जांभळं म्हणजे फॉर्मॅलिन. प्रयोगशाळेत मेलेले बेडूक यात ठेवतात, कुजू नयेत म्हणून. तुमचं दूध टिकत होतं ते याच्यामुळे. दूध आंबवतात ते डोळ्याला न दिसणारे बारीक जीव. कॅनला चिकटलेल्या जुन्या दुधात ते वाढतात, उकाड्यात तर जास्तच. या औषधानं ते मरतात, आणि दूधही असं आवळून बसतं की पोटाला ते पचवता येत नाही. मोठ्या माणसाला एवढं जाणवत नाही. तीन महिन्यांच्या पोरीला जाणवतं.”

“आणि ही दुसरी बाटली?” कुणीतरी विचारलं.

“साधं ओढ्याचं पाणी. प्रश्न विचारणाऱ्या बाईसाठी राखून ठेवलेलं. म्हणजे तिचं नासणार, तुमचं टिकणार, आणि तुम्ही पुन्हा प्रश्न विचारणार नाही.”

ब्रदर मागच्या कनातीकडे सरकत होता. “श्रद्धेची परीक्षा आम्लानं होत नसते!” तो ओरडला खरा, पण आवाज फाटला. दोन गवळ्यांनी त्याला धरून पोलीस येईपर्यंत त्याच्याच पेटीवर बसवला. पॅस्कोनं निळी बाटली त्याच्यापुढे धरली. “घे, घोटभर पी. तुझी श्रद्धा तरी बघू.” ब्रदरनं तोंड घट्ट मिटून घेतलं. बाकीच्यांना तेवढ्यानं सगळं कळलं.

एफी अजून मंचावरच उभी होती.

“मला आणखी एक बोलायचंय,” ती म्हणाली. “ब्रायडीनं मन स्वच्छ करावं, असं मी इथं उभी राहून म्हणाले होते. तुम्ही टाळ्या वाजवल्यात. ते खोटं होतं. या माणसानं औषध विकलं, पण नोराच्या तोंडात ते मी घातलं. डॉक्टरांनी विचारलं तेव्हा मी खोटं बोलले.”

या वेळी टाळ्या पडल्या नाहीत. बायका खाली बघू लागल्या. ज्यांनी ब्रायडीचं फाटक टाळलं होतं, त्यांना आपले बूट फार बघण्यासारखे वाटू लागले.

नोरा वाचली. पुढे चालायला उशिरा लागली, पण वाचली. त्या संध्याकाळी मात्र ते कुणालाच माहीत नव्हतं. एफी तंबूतून सरळ ब्रायडीच्या घरी गेली आणि उंबऱ्यातच उभं राहून सगळं सांगितलं. थेंबांचं, चार जास्तीच्या थेंबांचं, डॉक्टरांशी बोललेल्या खोट्याचं. ब्रायडी खाटेवर बसून पोरीला थोपटत होती. तिनं थोपटणं थांबवलं नाही.

“ब्रायडी, मला माफ कर.”

“माफीचं राहू दे,” ब्रायडी म्हणाली. “माझं दूध नासलं, तेव्हा तू मला विचारलंस, ब्रायडी, तुझ्या मनात काय पाप आहे? सगळ्या गावानं तेच विचारलं. एकीनं तरी विचारायचं, ब्रायडी, तू कॅन कसे धुतेस?”

एफी उंबऱ्यावरच खाली बसली.

“अगं, तापात उकळत्या पाण्याचं घंगाळ उचलवत नव्हतं मला. नुसत्या गार पाण्यानं विसळत होते. एवढंच होतं. तू दहा पावलांवर राहतेस, एफी. विचारलं असतंस तर मी सांगितलं असतं, आणि तू चार दिवस माझे कॅन धुऊन दिले असतेस. तेवढं पुरलं असतं.”